एका पोटचं रक्त

मोहखेड, ता. मंगरूळपीर
१२ ऑगस्ट २०२५

विनोद,

जयभीम. सप्रेम लिहिणार होते, पण मनात नाही तर कशाला लिहू. तू माझा नंबर ब्लॉक केलास, पौर्णिमाचा केलास, धाकट्या अश्वजितचाही केलास. आईचा तेवढा चालू ठेवलास, कारण आई तुला उलटून बोलत नाही. म्हणून हे पत्र. रजिस्टर करून पाठवते आहे. वाळूजला तुझ्या खोलीवर पोस्टमन येईल, सही घेईल आणि तुझ्या सहीची पोच माझ्याकडे परत येईल. मिळालंच नाही, असं तुला म्हणता येणार नाही.

काल मालेगावला पौर्णिमाच्या माहेरी तुझ्या वकिलाची नोटीस आली. तिने ती मला वाचायला दिली. 'सदर अपत्य माझ्या अशिलापासून झालेले नाही, सबब...' असं तिच्यात लिहिलं आहे. आपली सुजाता दोन वर्षं दोन महिन्यांची आहे आणि तू तिला 'सदर अपत्य' करून टाकलंस. तिचं नाव तूच सुचवलं होतंस. नामकरणाच्या दिवशी विहारात पेढे वाटताना तू म्हाताऱ्यांनाही दोन-दोन घ्यायला लावत होतास. तेव्हा ती तुझी होती, आता वकिलाने सांगितलं म्हणून नाही.

तुझं म्हणणं मी नीट मांडते, म्हणजे ताईने अर्धवट ऐकलं असं नको व्हायला. मे महिन्यात सुजाताला सिकलसेल असल्याचा पक्का रिपोर्ट आला. हा आजार आई आणि बाप, दोघांकडूनही एकेक दोष आला तरच होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक राहतो, त्याला त्रास होत नाही. पौर्णिमा वाहक आहे, तिचं कार्ड पिवळं. तुझं कार्ड पांढरं, म्हणजे तुझ्यात दोष नाही. मग पोरीला दुसरा दोष कुठून आला? एवढं तू मोबाइलवर पाहिलंस आणि बायकोचा निकाल लावून मोकळा झालास.

त्यातलं शास्त्र बरोबर आहे. अकरा वर्षं मी आशा म्हणून हेच घरोघरी सांगत फिरते आहे, मला तू ते शिकवू नकोस. पण पौर्णिमाने काय लपवलं होतं? साक्षगंध ठरवायला आपण मालेगावला गेलो, तेव्हा चहा यायच्या आधी तिच्या बापाने तिचं पिवळं कार्ड सतरंजीवर ठेवलं. म्हणाले, "पोरगी वाहक हाये. तिले काई त्रास नाई. पन तुमच्या पोराचं कार्ड पांढरं असंल तरच पुढं बोलू, नाई तं चहा घ्या अन् जयभीम." अशी सरळ माणसं आता किती उरली आहेत? आणि त्यांच्या लेकीवर तू हे किटाळ आणलंस.

तिने तुझ्याकडे एवढंच मागितलं, की एकदा पुन्हा रक्त तपासून घे. संभाजीनगरला दवाखान्यांना तोटा नाही. त्यावर तू तिला काय लिहिलंस, तेही तिने मला दाखवलं. 'माझं कार्ड आहे. ज्याचं लेकरू आहे त्याचं बोट टोच.' विनोद, हे वाक्य लिहायला तुझं बोट कसं चाललं?

कार्ड चुकू शकतं. शिबिरात एका दिवसात दोन-अडीचशे लोकांचं रक्त घेतात. नळीवरचं नाव बदलतं, यादी खालीवर होते. तुझ्या बाबतीत तसं काही झालं असेल. तू जा आणि तपासून घे, यापलीकडे मला आज काही सांगायचं नाही.

मंजुषा

•

मोहखेड
३ सप्टेंबर २०२५

विनोद,

तुझ्या सहीची पोच आली. उत्तर मात्र आईच्या फोनवर आलं. "ताई त्या बाईच्या बाजूची हाये, तिचं काई ऐकू नका," असं तू आईला म्हणालास. आईने मला ते जसंच्या तसं सांगितलं आणि वर विचारलं, "खरंच काहून तू तिच्या मांगं लागून राह्यली?"

गेल्या शुक्रवारी सुजूचे हात-पाय पुन्हा सुजले. बोटं अशी फुगली होती, की तिला बिस्कीट धरता येईना. पौर्णिमा तिला घेऊन एकटी एसटीने मालेगावहून वाशीमला गेली. मंगरूळपीरहून मी पोहोचले, तोवर पोरीला सलाईन लागलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, "पोट्टीचा बाप कुठी हाये?" पौर्णिमा म्हणाली, "वाळूजले. सुट्टी नाई भेटली." अजूनही ती तुला झाकते आहे. मला तिथे लाज वाटली, आणि ती तुझी वाटली.

आईजवळ तू आणखी एक मुद्दा काढलास म्हणे. 'जन्मली तेव्हा पोरगी ठणठणीत होती, सहा-सात महिने काही नव्हतं, मग आजार आला कुठून? माझ्या रक्तातला असता तर पहिल्या दिवसापासून नसता दिसला?' हे तू मोबाइलवर पाहिलं नसशील, तुझ्याच डोक्यातून निघालं असेल. तर ऐक. दवाखान्यात सिकलसेलच्या समुपदेशक निता मॅडम आहेत, त्यांनी पौर्णिमाला आणि मला समजावून सांगितलं ते लिहिते.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. शरीर कसं चालवायचं याच्या सगळ्या सूचना तिथे ओळीने लिहिलेल्या असतात, त्यांना जनुकं म्हणतात. रक्ताचा लाल पदार्थ कसा बनवायचा, ही सूचना अकराव्या जोडीवर आहे. तिच्यात एकच अक्षर बदललं, तर रक्ताची गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते, आणि जिथे अडकते तिथे लेकरू ओरडतं. आता तुझ्या मुद्द्याचं उत्तर. सगळ्या सूचना सगळ्या वेळी चालू नसतात. बाळ पोटात असतं तेव्हा त्याचं रक्त वेगळ्याच जनुकावर बनतं, आणि ते जनुक चांगलं असतं. जन्मानंतर शरीर ते हळूहळू बंद करतं आणि मोठ्या माणसाचं जनुक चालू करतं. सुजूचं ते दुसरं जनुक दोन्ही बाजूंनी सदोष आहे. म्हणून सहा-सात महिने ती खेळली आणि मग सुजायला लागली. आजार पहिल्या दिवसापासून तिच्यात होता, फक्त त्याची पाळी आली नव्हती. तिला आता जी गोळी सुरू केली आहे, ती ते लहानपणचं बंद पडलेलं जनुक थोडंफार पुन्हा चालू ठेवते. पौर्णिमाने हे सगळं वहीत लिहून घेतलं. गोळीची वेळ ती मोबाइलच्या गजराशिवाय पाळते.

तू म्हणतोस आपल्या घरात हा आजार नाही. ग्यानबा काका आठवतात का? तुला नाही आठवणार, तू पाळण्यात होतास. बाबांचे धाकटे भाऊ. एकोणिसाव्या वर्षी गेले. निंदणाला गेले की दुपारी गुडघे धरून बांधावर बसायचे, डोळे पिवळे व्हायचे. सगळं गाव त्यांना कामचोर म्हणायचं. आपले आजोबासुद्धा म्हणायचे, आणि एकदा त्यांनी काकांना त्या दुखण्यात बैल हाकायच्या तुतारीने मारलं होतं, असं बाबा सांगताना रडायचे. कोणी म्हणालं वात, कोणी म्हणालं कावीळ. ते काय होतं ते आता आपल्याला माहीत आहे, निदान मला तरी आहे.

म्हणून सांगते, आपलं घर काही वेगळं नाही. रक्त तपास. जेवढे दिवस तू थांबतोस, तेवढे दिवस मालेगावच्या गल्लीत ती पोरगी बिनबापाची म्हणून फिरते आहे.

मंजुषा

•

मोहखेड
२२ सप्टेंबर २०२५

विनोद,

हे पत्र एकट्याने वाच.

तू कोर्टात डीएनए तपासणी मागणार, असं तुझ्या वकिलाने कळवलं. शनिवारी मी पौर्णिमाकडे गेले होते. मला वाटलं ती रडेल. ती ज्वारी निवडत बसली होती. म्हणाली, "करू द्या त्याले डीएनए. मले काय भेव हाये? पन ताई, तुमी माह्यासंग कोर्टात चाला. सासरचं एक तरी मानूस माह्या बाजूनं हाये, एवढं लोकायले दिसलं पायजे."

मी "येते" म्हणाले आणि निघाले. मालेगावच्या स्टँडवर मंगरूळपीरची एक गाडी माझ्यासमोरून गेली, मग दुसरी गेली. मला चढता आलं नाही. आजवर मी तुला दोन पत्रं लिहिली, दोन्हींत तुला फाडून खाल्लं, आणि दोन्हींत खरी गोष्ट गिळली. ती आता लिहिते.

तुझ्या नावाचं ते पांढरं कार्ड तुझ्या रक्ताचं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये आपल्या शाळेत शिबिर होतं. तू वाळूजला होतास, तुला रजा नव्हती. पौर्णिमाच्या बापाचा निरोप होता, आठ दिवसांत कार्ड दाखवा. यादी माझ्या हातात होती, नावं मीच पुकारत होते. तुझं नाव आलं तेव्हा आई माझ्या शेजारी उभी होती. तिने अश्वजितला पुढे केलं. म्हणाली, "याचंच घे. दोघंई एका पोटचे हायेत. रगत काय येगळं येगळं राह्यते काय?" रक्त घेणारा माणूस बाहेरगावचा, त्याला गावातले चेहरे काय माहीत. अश्वजितने सकाळी आपल्या नावावर डावं बोट दिलं होतं. दुपारी त्याने तुझ्या नावावर उजवं दिलं. तुझ्या नावासमोर खूण मी केली, माझ्या पेनने.

आईला बोल लावू नकोस. तिने चार लेकरं पोटात वाढवली, त्यातली तीन जगली, आणि एका पोटचं रक्त एकच असतं हे तिला कोणी खोटं ठरवून दाखवलं नव्हतं. अश्वजित तेव्हा वीस वर्षांचा, त्याला वाटलं भावाचं काम होतंय. माझं काय? मी बायकांना गोळा करून, दोन ताटल्यांत चांगल्या जनुकासाठी हरभरे आणि सदोषासाठी तुरीचे दाणे घेऊन शिकवते. प्रत्येक माणसाजवळ दोन दाणे. लेकराला देताना डोळे मिटून त्यातला एकच द्यायचा. हरभरा जाईल नाहीतर तूर जाईल, आणि दर लेकराच्या वेळी मूठ नव्याने उघडते. थोरल्याला काय गेलं याचा धाकट्याशी काही संबंध नाही. सख्ख्या भावांना वेगवेगळे दाणे मिळू शकतात, हे मी दोनशे बायकांकडून पाठ करून घेतलं असेल. आणि त्या दिवशी आई म्हणाली रक्त एकच, आणि मी मान हलवली.

अजून संपलं नाही. माझं स्वतःचं कार्ड पिवळं आहे, विनोद. २०१४ ला पहिल्या प्रशिक्षणात आम्हा आशांचंच रक्त आधी तपासलं, तेव्हाच कळलं. तुझ्या भाऊजींना सांगितलं, त्यांचं तपासून घेतलं, ते निघाले पांढरे, म्हणून माझी लेकरं वाचली. आणि ते कार्ड मी पेटीत साड्यांच्या तळाशी घातलं. आईला सांगितलं नाही, तुम्हा भावांना नाही. माझ्यात आहे याचा अर्थ आई किंवा बाबा, कोणाकडे तरी ते होतं. तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी होती. खूण करताना मला हे माहीत होतं. मला भीती होती, की पौर्णिमासारखी शिकलेली, गुणाची मुलगी हातची जाईल, घरावर शिक्का बसेल, उद्या अश्वजितलाही कोणी पोरगी देणार नाही. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून 'लपवू नका' सांगणारी मी, माझ्या दारात लपवत होते.

तू तेव्हा मला फोनवर विचारलं होतंस, "ताई, मी तं शिबिराले नवतो, मंग माहं कार्ड कसं आलं?" मी म्हणाले, दिवाळीत तुला ताप आला होता, मलेरियासाठी मी तुझं बोट टोचून काचेवर रक्त घेतलं होतं ना, त्याच रक्ताची तपासणी झाली. तू विश्वास ठेवलास. बहिणीवर ठेवायचाच असतो. त्या कार्डाच्या भरवशावर तू बोलत होतास, आणि ते खोटं मी तुला विकलं होतं. याचा राग तू माझ्यावर जन्मभर धरलास तरी मी तोंड वर करून बोलणार नाही.

आता तरी जा आणि रक्त दे.

मंजुषा

•

मोहखेड
७ ऑक्टोबर २०२५

विनोद,

पत्र मिळाल्याची सही आली, पुढे काही नाही. आईलाही तू पंधरा दिवस फोन केला नाहीस. तुला काय झालं असेल ते मी समजू शकते. तरी इकडे काय झालं ते तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळायला नको.

आधी मी मालेगावला जाऊन पौर्णिमाला सांगितलं. सुजू माझ्या मांडीवर होती, माझ्या बांगड्यांशी खेळत होती. पौर्णिमाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "साक्षगंधाच्या दिवशी तुमाले मालूम होतं? माह्या बाबांनं ते पांढरं कार्ड हाती घेतलं तवा बी?" मी हो म्हणाले. "अन् ह्या पाच महिन्यांत? लोकं मले काय काय म्हनत होते, तवा बी?" मी पुन्हा हो म्हणाले. तिने सुजूला माझ्या मांडीवरून उचललं आणि आत घेऊन गेली. तिच्या आईने मला पाणी दिलं. ते मी प्याले आणि निघाले.

मग काल पवारणा होती. तीन महिने वर्षावासाचं वाचन झालं, कालची सांगता. विहारात सगळी वस्ती जमली होती, बाहेर भोजनदानाची पातेली लागली होती. भंतेजींनी सांगितलं, की आजच्या दिवशी भिक्खू एकमेकांना विचारतात, माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल तर सांगा. मी उठले आणि म्हणाले, माझं कोणी पाहिलेलं नाही, म्हणून मीच सांगते. नाव घेऊन सांगितलं. पौर्णिमाचं नाव घेतलं, ती निर्दोष आहे हे तीनदा म्हणाले, कारण गावात कुजबुज तिच्याच नावाची झाली होती. आई पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग पदर सावरून बाहेर गेली.

मला वाटलं होतं लोक मला फाडून खातील. मग धुरपताबाई उठली. तिच्या थोरल्याचं लग्न फेब्रुवारीत आहे, ती मला शिव्या घालणार असं वाटलं. ती म्हणाली, "आमच्या राजपालचं बी तसंच हाये. तो सुरतले होता, त्याच्या नावानं लहान्यानं देल्लं. आमाले वाटलं भावाभावात काय फरक राह्यते." तिच्यामागून कोपऱ्यातला एक जण म्हणाला, त्याच्या नावावर चुलतभावाने दिलं. मग आणखी एक बाई उठली, तिच्या मुलीऐवजी मुलीची धाकटी बहीण उभी राहिली होती. विनोद, मी मोजत गेले. सात नावं निघाली. मी एकटीने पाप केलं असं समजून पावणेचार वर्षं रात्रंदिवस कुढले, आणि माझ्याच यादीत माझ्या डोळ्यांसमोर सात घरांनी तेच केलं, मला दिसलं नाही. दाणे घेऊन मी काय शिकवत होते कोणास ठाऊक. बायका उत्तर पाठ म्हणायच्या आणि घरी जाऊन म्हणायच्या, एका पोटचे आहेत, रक्त एकच.

आज सकाळी मी हे सगळं लिहून प्राथमिक आरोग्य केंद्रात दिलं. डॉक्टरांनी माझं रजिस्टर ठेवून घेतलं आणि चौकशी होईपर्यंत घरी थांबायला सांगितलं. ते बरोबरच आहे. गावात पुन्हा शिबिर लावणार आहेत, ओळखपत्र पाहून. धुरपताबाईने पोराला सुरतेहून बोलावलं आहे. मुलीकडच्यांनाही तिने स्वतः फोन करून सांगितलं, की थांबा, आमच्या पोराचं अजून तपासायचं आहे.

आई माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशीही बोलत नसेल. तिला दोघांनीही फसवल्यासारखं वाटतं, आणि माझ्याबाबत तरी ते खरं आहे.

मंजुषा

•

मोहखेड
१६ नोव्हेंबर २०२५

विनोद,

अश्वजितच्या फोनवर तू पाठवलेला रिपोर्ट मी पाहिला. तू वाहक आहेस. खाली तू लिहिलंस, 'रिपोर्ट आला. चूक तुमची होती, माझी नाही. पौर्णिमाला मोहखेडला आणून ठेवा, मी डिसेंबरात येतो. नोटीस मागे घ्यायला वकिलाला सांगतो.' एवढंच. मी ते चार वेळा वाचलं. कुठेतरी 'सुजाता कशी आहे' असेल म्हणून वाचलं.

तर आता शेवटचं सांगते, आणि हे मी बहीण म्हणून सांगते आहे, आशा म्हणून नाही. आशा मी आता नाहीच, गेल्या मंगळवारी कागद हातात आला.

कार्ड खोटं होतं, ती माझी चूक. ती मी गावासमोर पत्करली, कामावरून गेले, पौर्णिमाच्या दारात पाणी पिऊन परत आले. पण त्या कार्डाने तुला एवढंच सांगितलं होतं, की हिशेब जुळत नाही. हिशेब जुळत नव्हता तेव्हा तुझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक, पुठ्ठ्याचा तुकडा चुकीचा असेल. दुसरी, तुझी बायको खोटी असेल. तू त्या पुठ्ठ्यावर एक दिवसही संशय घेतला नाहीस. जिने स्वतःचा दोष चहाच्या आधी सतरंजीवर मांडला, तिच्यावर तू एका संध्याकाळी घेतलास. हे तुला मी शिकवलं नव्हतं, आईने नाही, कार्डानेही नाही. हे तुझ्या स्वतःच्या पोटातून आलं. आणि मोबाइलवर एवढं शास्त्र पाहणाऱ्या माणसाला एक बोट टोचून घ्यायला पाच महिने लागले. दवाखाना तुझ्या कंपनीच्या गेटपासून किती लांब होता?

तुला काही वाटत नसेल असं मी म्हणत नाही. पंधरा दिवस तू आईलाही फोन केला नाहीस, तेव्हा तुला झोप लागत नसेल, हे मला कळत होतं. तू सात वर्षांचा असताना माझ्या अंगावर झोपायचास, मला तू अजून तसाच दिसतोस, म्हणून राग जास्त येतो. परका असतास तर दोन ओळींत संपवलं असतं.

'आणून ठेवा' असं तू लिहिलंस. सामान आहे का ती? काल आईच मला म्हणाली, दीड महिन्यानंतर पहिलं वाक्य, "चाल, आपन दोघी जाऊ. मले तिची माफी मांगाची हाये." आम्ही दोघी गेलो. आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "माय, मले वाटलं रगत एकच राह्यते. मी अडानी. तुह्या जिवाचं वाटोळं केलं." पौर्णिमाने आईला उठवून खाटेवर बसवलं. आईवर तिचा राग नाही. माझ्याशी ती अजून मोजकंच बोलते, पण परवा सुजूला ताप आला, तेव्हा तो वाढायची वाट न पाहता तिने फोन मलाच केला. मी गेले. आता मी कामावर नाही, तरी गोळीचा डोस आणि पाणी किती पाजायचं, हे मला कळतं. जानेवारीत सुजूला लस द्यायची आहे, तेव्हाही मी जाणार आहे.

तुझा मेसेज मी तिला दाखवला. दाखवायला नको होता, असं आईला वाटत होतं. पण लपवून काय होतं ते मी पाहिलं आहे. तिने फोन हातात घेऊन वाचलं आणि परत दिला. म्हणाली, येऊ दे डिसेंबरात. नोटीस टपालाने आली, तशी 'हे लेकरू माझं आहे' ही ओळही वकिलाच्या कागदावर सही करून टपालाने येऊ दे, कारण गल्लीने ती नोटीस वाचली आहे. दवाखान्याच्या तारखेला त्याला यायचं असेल तर येऊ दे, बापाने लेकराला उचलून न्यावं, पोरगी आता जड झाली आहे.

मी विचारलं, आणि तू? मोहखेडला येशील का?

ती ज्वारीच्या पिठाचा हात धुवत होती. वर न पाहता म्हणाली, "त्याले सांगा ताई, पोट्टी त्याची हाये. ते आता त्याले कोनी सांगाची गरज नाई. पन मी कोनाची हाव, ते आता मी पाहीन."

निरोप आहे तसा लिहिला आहे. त्यात माझं काही घातलेलं नाही.

मंजुषा